हॉलचे नकाशे

त्या रविवारी माझा नवरा सकाळी हॉलमध्ये उपासनेला गेला आणि परत आला नाही. उपासना चालू असताना तो उभा राहिला, बसला आणि बाकावरून पडला. तिथल्या निवृत्त नर्सने, सिस्टरांनी, समोरच्या बाकावरून येऊन त्याची नाडी पाहिली. एक माणूस स्कूटरवरून सोनागिरीला आमच्या घरी आला. मी पोहे भिजवले होते. त्या माणसाने मला स्कूटरवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मी ऐकलं.

मी तिथे नव्हते. एरवी बहुतेक रविवारी मी त्याच्याबरोबर जात असे, पण त्या दिवशी नागपूरहून माझा भाऊ येणार होता म्हणून घरी थांबले होते. हॉलमध्ये होते त्या प्रत्येकाकडे त्या सकाळची आपापली आठवण आहे. कुणी म्हणतं त्याने गीत सुचवायला तोंड उघडलं होतं, कुणी म्हणतं तो प्रार्थना करून नुकताच बसला होता. ते सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात आणि मला मान हलवावी लागते. त्यांच्याकडे एवढं सगळं आहे. माझ्याकडे भिजवलेले पोहे आहेत.

दुःखाबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. मी भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं आहे आणि त्यामुळे स्वतःचं लिहायला हात अडखळतो. मत्सराबद्दल मात्र लिहिता येईल. तो माझ्या जुन्या ओळखीचा आहे. लग्न झालं तेव्हापासून मला त्या हॉलचा मत्सर वाटत आला आहे.

हॉल कारखान्याच्या आधीचा. कारखान्यासाठी जमीन घेतली गेली तेव्हा आजूबाजूची शेतं गेली, झोपड्या गेल्या, हॉल तेवढा राहिला आणि त्याच्या चारी बाजूंनी क्वार्टर उभे राहिले. नवीन माणसाला तो चर्च आहे हे कळत नसे. वर क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा नाही. दगडी जोत्यावर विटांच्या चुना दिलेल्या भिंती, मंगलोरी कौलं, समोर लाकडी खांबांची ओसरी, दोन्ही बाजूंना झिलमिलीच्या, आडव्या लाकडी पट्ट्यांच्या, उंच खिडक्या. आत वेदी नाही, पाळकासाठी उंच जागा नाही, मुळात पाळकच नाही. मधोमध एक टेबल आणि तीन बाजूंनी त्याच्याकडे तोंड केलेले बाक. पुरुष एका अंगाला, बायका समोर, डोक्यावर पदर घेऊन. ज्या भावाच्या मनात येईल तो उठतो आणि गीताचा आकडा सांगतो, किंवा प्रार्थना करतो. कुणाच्याच मनात आलं नाही तर सगळे गप्प बसतात. आठवडाभर भोंग्यावर चालणारी ती माणसं, फिटर, वेल्डर, फोरमन, नर्सा, रविवारी कुणीही घाई न करता गप्प बसलेली असत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला आवडलं होतं. आवडलं म्हणूनच पुढचा त्रास झाला.

कारण चौथ्या बाजूला, दाराजवळ, आणखी एक बाक होता. तो बघणाऱ्यांचा. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी तिथे बसायचं. टेबलावरचं प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट उचललं जाई, बाकाबाकावरून हातोहात फिरे, आणि आमच्या बाकाच्या अलीकडच्या माणसापर्यंत येऊन परत वळे. तो माणूस ओशाळून माझ्याकडे बघत नसे. मी खिडकीकडे बघत असे. तिकडे माझा नवरा डोळे मिटून तो तुकडा खात असायचा आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असे ते मला घरी कधी दिसलं नाही.

तो नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. मी हिंदू घरातली. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा माझे वडील कचेरीबरोबर इकडे आलेले. आमचं लग्न दोन्हीकडच्यांना पसंत नव्हतं आणि दोन्हीकडच्यांनी ते हळूहळू पचवलं. मी त्याला नावाने हाक मारत असे. ते नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

एकदा हॉलमधून परतताना मी त्याला म्हटलं, “ते ताट माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन वळतं. पंगतीत बसवून वाढायचं नाही, असं वाटतं.”

तो सायकल हातात धरून चालत होता. म्हणाला, “बाप्तिस्मा घेतलास तर पुढे येईल.”

“ताटासाठी घेऊ?”

“ताटासाठी नको.”

“मग कशासाठी?”

“ते मी कसं सांगू? तुला वाटलं तर घे. नाही वाटलं तर मागे बस. मला तू तिथे असलीस की बरं वाटतं.”

त्याने आग्रह धरला असता तर मला भांडता आलं असतं. मला तसं कधी वाटलं नाही, आणि मी मागे बसत राहिले. आमच्या क्वार्टरच्या मोरीतला नळ वर्षभर गळत होता. हॉलच्या दाराची बिजागरी कुरकुरली की तो त्याच संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन निघे. मी ते बोलून दाखवलं की हसून म्हणे, “नळ कंपनीचा आहे, तक्रार लिही.” जणू हॉल त्याचा होता.

नोकरी संपल्यावर क्वार्टर सोडून आम्ही सोनागिरीला घर घेतलं, आणि त्याने हॉलची मापं घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. रस्ता रुंद होणार अशी कुजबुज टाउनशिपमध्ये अधूनमधून उठायची. कधी काय होईल सांगता येत नाही, निदान कागदावर तरी असू दे, एवढंच तो म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्याने ड्रॉइंग बोर्ड मांडला आणि आम्ही पुढची दोन-तीन वर्षं ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मापं घ्यायला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. त्याने सिस्टरांना घेतलं.

सिस्टर म्हणजे टाउनशिपच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. बैतूलकडच्या, मराठी घरातल्या, पण त्यांची मराठी हिंदीच्या बाजूला झुकलेली. लग्न केलेलं नव्हतं. मंडळीतल्या, म्हणजे हॉलच्या उपासकांतल्या, सगळ्या पुरुषांना त्या भाई म्हणत आणि मला वहिनी. त्यांच्यात आणि माझ्या नवऱ्यात वावगं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगते. पण मत्सराला वावगं लागतच नाही. मी विचारलं होतं, “मी येऊ का टेप धरायला?” तो म्हणाला होता, “तुला शिडीवर चढवू का आता? सिस्टर तिथेच राहतात, हॉलच्या पाठीमागे. त्यांना बोलावलं की येतात.” ते खरंच होतं. सगळीच कारणं खरी होती.

मापं घ्यायचा टेप कारखान्यातला जुना, पोलादी. त्याचं टोक झिजून आकडा वाकला होता, म्हणून तो टेप शून्यापासून न धरता दहा सेंटीमीटरच्या खुणेपासून धरायचा आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या शेडमध्ये, सगळे तसंच करतात. आमच्या घरचे पडदेही त्याने तसेच मोजले होते आणि मला बजावलं होतं, “दहा काढायला विसरायचं नाही.” ही गोष्ट सिस्टरांनाही माहीत आहे हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. इतक्या बारीक गोष्टीचं वाईट वाटतं.

तो गेल्यावर त्याला मंडळीच्या कबरस्तानात माती दिली. गीतं हिंदीत झाली. मी बायकांच्या पुढे उभी होते, पण गीतं मला तोंडपाठ नव्हती, सिस्टरांना होती. त्या रडत नव्हत्या, गात होत्या. मला वाटलं, हिला रडायलासुद्धा काहीतरी आहे, ती ते गाण्यात घालते आहे.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी वावटळ आली आणि हॉलपुढच्या चिंचेची मोठी फांदी ओसरीवर पडली. ओसरी पूर्ण कोसळली. मुख्य खोलीला फारसं काही झालं नाही, पण समोरून हॉल पडका दिसू लागला. आठवड्याभरात दारावर टाउनशिप प्रशासनाची सूचना लागली: इमारत धोकादायक आहे, हटवून रस्ता सरळ करण्याचा विचार आहे, हरकत असल्यास कळवावी.

मंडळीतले वडील, म्हणजे तिथली जबाबदार ज्येष्ठ माणसं, बिट्टन मार्केटजवळच्या एका कार्यालयात गेले. शहरातल्या जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्यांचा एक लहानसा गट तिथे बसतो. तिथली एक तरुण आर्किटेक्ट मुलगी येऊन हॉल पाहून गेली. तिने पहिला प्रश्न विचारला, कोनशिला कुठे आहे? कोनशिला नव्हती. बांधणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, कुणाच्या स्मरणार्थ असं काही नाही. त्या मंडळीत तसा रिवाजच आहे: सभेच्या जागी माणसाचं नाव लावायचं नाही. भिंतीवर नाही, बाकावर नाही, दान दिलेल्या पंख्यावरसुद्धा नाही. मग मुलीने विचारलं, ओसरी कशी होती याचं ड्रॉइंग? ते मात्र होतं. ते माझ्या कपाटात होतं.

सिस्टर आणि एक वडील सोनागिरीला आले. वडील म्हणजे टर्बाइन शॉपमधले निवृत्त फोरमन, हिंदीभाषी, मोठ्या आवाजाचे. चहा झाल्यावर ते म्हणाले, “बहनजी, वो नक्शे चाहिए थे. भाई ने प्रभु के घर के लिए बनाए थे. कागज़ भी प्रभु का ही समझिए.”

मी म्हटलं, “तो फिर प्रभु को भेजिए. चाय मैं बना दूँगी.”

मी असं बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. फोरमन हसले, मग हसायला नको होतं असं वाटून खोकले. सिस्टरांनी कपातल्या चहाकडे बघत म्हटलं, “वहिनी, घाई नाही. पण सुनावणी आहे ना, तिच्याआधी लागतील. ओसरी जशी होती तशी परत बांधून दाखवतो म्हटलं तरच ते ऐकतील.”

“सध्या देणार नाही,” मी म्हटलं. “नंतरचं नंतर बघू.”

ते गेल्यावर दुपारी मी गुंडाळी सोडून कागद पलंगावर पसरले. तोपर्यंत मी ते नीट पाहिलेच नव्हते. तो काढत असताना मुद्दाम पाहत नसे. प्रत्येक झिलमिलीची पट्टी होती. छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैचीचा प्रत्येक सांधा वेगळा मोठा करून दाखवला होता. ओसरीच्या खांबाला तळाशी जो गोल घाट होता, ज्याच्यावर मी वर्षानुवर्षं चपला काढताना हात टेकला असेल, त्याची वळणं त्याने इतक्या हलक्या रेषेने काढली होती की मी कागदावर टेकलेला हात उचलून घेतला. आमच्या लग्नानंतर त्याने माझं एकही चित्र काढलं नाही. मला माणसं काढता येत नाहीत, म्हणायचा.

मागचा बाक नकाशात नव्हता. टेबल नव्हतं, बाकीचे बाकही नव्हते. हलवता येतं ते इमारतीच्या नकाशात काढत नाहीत, हे मला नंतर आर्किटेक्ट मुलीने सांगितलं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं की मी ज्यावर बसत होते ते तिथे नाही.

आणि खालच्या कोपऱ्यात चौकट होती. काढणारा, तपासणारा, तारीख. ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर तो त्या चौकटीत आपली आद्याक्षरं घालत असे. तिरकी, अभिमानाने घातलेली. इथे चौकट आखलेली होती आणि रिकामी होती. त्याने मंडळीला नावसुद्धा देऊन टाकलं होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईसाठी कुणी इतकं केलं असतं तर लोकांनी माझी बाजू घेतली असती.

काही दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. पिशवीतून पेरू आणले होते. दारातूनच म्हणाल्या, “मी नक्शे मागायला नाही आली. पेरू द्यायला आली.”

“पेरू देऊन नकाशे मागणार.”

“मागणार ना. पण आधी पेरू तर घ्या.”

मी त्यांना आत घेतलं. पेरू कापले, मीठ लावलं. खाता खाता मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला नाही, “सगळं तुमच्याकडे आहे, सिस्टर. त्याचे रविवार तुमच्याकडे. टेपचं टोक तुमच्या हातात. शेवटची घटकासुद्धा तुमच्याकडे. माझ्याकडे एक कागदाची गुंडाळी आहे, तीही न्यायला आलात.”

मला वाटलं, आता पवित्र शास्त्रातलं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, “शेवटची घटका म्हणता ती माझ्याकडे काय आहे, सांगू? मनगट आहे. मी नाडी धरली, आणि नजर कुठे, तर माझ्या घड्याळावर. सवय आहे ना. चाळीस वर्षं तेच केलं. कुणी पडलं की आधी घड्याळ. चेहरा मी बघितलाच नाही, वहिनी. बघितला तेव्हा झालं होतं सगळं.”

“मग ते लोक सांगतात ते?”

“ते डोळे मिटून होते. प्रार्थना चालली होती. पडल्याचा आवाज झाला तेव्हा उघडले.” त्यांनी पेरूची फोड परत ताटलीत ठेवली. “सांगतात बिचारे. सांगू दे. त्यांना पण काहीतरी पाहिजे.”

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. त्या सकाळी त्याचा चेहरा कुणीच पाहिला नाही, म्हणजे जे माझ्याकडे नाही ते कुणाकडेच नाही. असं बरं वाटणं चांगलं नाही हे मला माहीत आहे, पण ते तसंच वाटलं.

मी आतून गुंडाळी आणली, पण त्यांच्या हातात दिली नाही. म्हटलं, “हे कागद तपासलेले नाहीत. न तपासलेला कागद त्याने कधी ऑफिसबाहेर जाऊ दिला नाही. माझ्या घरातूनही जाणार नाही.”

“तर तपासू ना. मी येते, तोच टेप आहे माझ्याकडे.”

“तुम्ही नाही. ज्याने काढलं, ज्याने मापं घेतली, त्याने तपासायचं नाही. तो नियम आहे. तीस वर्षं जेवताना ऐकलाय मी.” आणि मग म्हटलं, “मी तपासणार.”

सिस्टर हसल्या. “शिडीवर चढणार?”

“चढेन.”

आम्ही एका सकाळी हॉलमध्ये जमलो. आर्किटेक्ट मुलगी टेपचं लांबचं टोक धरायला आली होती. ती मराठी घरातली. मराठीत सुरू झालेलं तिचं वाक्य हिंदीत संपे. कोसळलेल्या ओसरीचं जोतं उघडं होतं, खांब कुठे उभे होते त्या खाचा दिसत होत्या; तिथली मापं आम्ही आधी घेतली. मी दहाच्या खुणेवर बोट दाबून धरायची, ती वाचायची, मी दहा वजा करून कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि बरोबर असेल त्या आकड्यावर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. सिस्टरांना मी हात लावू दिला नाही. त्या दाराजवळच्या बाकावर बसून बघत होत्या. आमच्याकडे बघत बसायला सावलीची तेवढी एकच जागा होती, पण मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

टिंबांमागून टिंबं पडत गेली. तो बरोबर होता. भिंतींच्या जाडीत, उंबऱ्यात, कैचीच्या खालच्या तुळईत, सगळीकडे बरोबर. मला अभिमान वाटायच्या ऐवजी राग येत होता. या इमारतीशी तो इतका प्रामाणिक होता.

मुलगी म्हणाली, “काकू, आता ती उत्तरेची खिडकी घेऊ. मला तीच बघायची आहे. माझ्या रिपोर्टमध्ये टाकणार आहे मैं.”

नकाशे पुरे झाले तेव्हा त्याने ते एका रविवारी हॉलमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवले होते. तेव्हाच फोरमनच्या लक्षात आलं होतं की उत्तरेच्या भिंतीतली पहिली खिडकी समोरच्या खिडकीपेक्षा कोपऱ्यापासून दहा सेंटीमीटर दूर आहे. त्यातून गोष्ट तयार झाली. बांधणाऱ्यांनी चिंचेचं मूळ तोडायला नकार दिला आणि पाया थोडा वळवून खिडकी सरकवली, अशी. लहान मुलांना ती सांगितली जाऊ लागली. झाडावर दया करणारी माणसं होती आपली, असं फोरमन डोळे पुसून सांगत. मुलीलाही त्यांनी ती सांगितली होती.

मी कोपऱ्यात टेप धरला. मुलीने खिडकीच्या कडेवर ताणला. “दोन मीटर पंधरा.”

मी कागद पाहिला. कागदावरही दोन मीटर पंधरा होतं.

“परत वाच.”

“दोन पंधराच आहे, काकू. बरोबर आहे ना?”

“यातून अजून दहा काढायचेत ना?”

तिने टेपकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अरे यार.”

दहा काढले की दोन मीटर पाच. समोरच्या खिडकीइतकंच. खिडकी कुठेही सरकलेली नव्हती. मूळ वाचवलेलं नव्हतं. माझा नवरा, किंवा त्याच्याबरोबर जो कुणी होता तो, त्या एका मापातून दहा काढायला विसरला होता.

मी खाली बसले. मला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. त्या हॉलने त्याच्याकडून सगळं चोख घेतलं होतं, आणि इथे एक जागा निघाली जिथे तो चुकला, आणि ती मला सापडली. तुमच्या सगळ्या आठवणी तुम्हाला राहू द्या, असं मला मोठ्याने म्हणावंसं वाटलं. ही चूक माझी आहे.

तेवढ्यात सिस्टर बाकावरून उठून आल्या. कागदावर वाकल्या. “ती माझी चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“त्याची आहे,” मी म्हटलं.

“नाही वहिनी. वाचायची मी. मी सांगायची ते ते लिहायचे. वजा करूनच सांगायची मी. रिटायर झाले तरी त्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं होतं, गडबडीत होती, मीच विसरले असेन.”

“लिहिणाऱ्याने विचारायचं असतं. तो विचारायला विसरला. समोरची खिडकी डोळ्यांपुढे होती त्याच्या. चूक काढणाऱ्याची असते, टेप धरणाऱ्याची नसते.”

“भाई कधी विसरायचे नाहीत.”

“माझ्यापुढे नका सांगू. दूध आणायला जायचा आणि पेपर घेऊन यायचा.”

“ते दुधाचं वेगळं. हे मी चुकले, मला माहीत आहे ना!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. डोळ्यांत पाणी होतं. कबरस्तानात नव्हतं ते इथे आलं, दहा सेंटीमीटरसाठी. तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडेही फार काही नव्हतं. एक मनगट होतं, आणि ही चूक त्या मला देणार नव्हत्या.

मुलगी टेप हातात धरून दोघींकडे पाहत होती. “दोघींची लिहू का?” तिने हळूच विचारलं. आम्ही दोघी एकदम तिला म्हणालो, “नाही.”

शेवटी मी लाल पेन्सिलीने जुना आकडा खोडला आणि वर नवा लिहिला. तपासणाऱ्याने तसंच करायचं असतं. चूक कुणाची ते लिहायचं नसतं.

फोरमनना सांगावं लागलं तेव्हा ते खिडकीकडे बघत राहिले. “मतलब, जड़ वाली बात…” “नहीं थी,” मी म्हटलं. “अच्छी बात थी,” ते म्हणाले. मला त्यांची कीव आली. आपल्या इमारतीबद्दल खोटं का होईना, प्रेमाचं काही सांगता येणं गेलं होतं त्यांचं.

चौकटीचा प्रश्न उरला. मुलगी म्हणाली, प्रशासनातले इंजिनिअर सही नसलेलं ड्रॉइंग बाजूला सारतील. वडील मंडळींनी बसून प्रार्थना केली आणि सांगितलं की भाईंनी स्वतःहून नाव घातलं नाही, आपण घालायचं नाही. यावर मी भांडायला तयार होऊन गेले होते. पण त्याच्या हाताने रिकामी ठेवलेली जागा मी कुणाच्या म्हणण्याने भरणार? त्याने घातलं नाही ते मीही घातलं नाही, आणि म्हणून इथेही लिहिलं नाही.

तपासणाऱ्याच्या चौकटीत मात्र सही लागत होती. सिस्टरच म्हणाल्या, “वहिनी मंडळीत नाहीत. रिवाज आपल्याला आहे, त्यांना कुठे आहे?” फोरमननी विचार केला आणि मान डोलावली. मी कोपऱ्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक कागदावर. त्या हॉलच्या इतक्या वर्षांत त्याच्या संदर्भात लिहिलं गेलेलं ते पहिलं माणसाचं नाव, आणि ते बाहेरच्या बाईचं.

सुनावणीत पुष्कळ बोलणं झालं, त्यातलं सगळं मला समजलं नाही. रस्ता थोडा वळवायचं ठरलं. मंडळीतल्या सुतारांनी आणि फिटरांनी शनिवार-रविवार करून नकाशावरून ओसरी उभी केली. खांबाच्या तळाचा तो गोल घाट त्यांना जमला आहे, पण लाकूड नवीन असल्यामुळे ओळखू येतं. गटाच्या यादीत हॉलची नोंद झाली. बांधणारे अज्ञात, साल अज्ञात.

मत्सर गेलेला नाही. सिस्टर आता थकल्या आहेत, गुडघे दुखतात. तरी रविवारी त्या तिथे आत बसतात आणि गातात, आणि मला अजूनही वाटतं की गाताना त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी विचारलेलं नाही.

नकाशांच्या प्रती हॉलमध्ये आहेत. मूळ कागद माझ्या कपाटात आहेत.